तिसऱ्या पक्षाने अमेरिकेचं दुखणं जाणार नाही

जुलै २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ काढत असल्याची घोषणा केली. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे नावालाच दोन पक्ष, दोघांनी मिळून देश कर्जात बुडवला, असा त्यांचा आरोप होता. आदल्या वर्षी यांतल्याच एका पक्षाला जिंकवण्यासाठी त्यांनी २५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम ओतली होती. पक्षाचं पुढे काही झालं नाही, वाद मात्र नेहमीच्या वळणाने गेला. ‘उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचे, तिसरा पर्याय हवाच’ असं एक बाजू म्हणत होती. ‘तिसऱ्याला मत म्हणजे नावडत्याला मत, दगडापेक्षा वीट मऊ’ असं दुसरी म्हणत होती. दोन पक्षांची मक्तेदारी आणि पैशाची सत्ता हा एकच रोग आहे, हे मात्र दोघींनी गृहीत धरलं होतं. धनदांडग्यांनी पैसा चारून तिसऱ्याला उभं राहू दिलं नाही, आणि तिसरा आला की पैशाचं चालणार नाही, असा तो हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. दोन पक्ष उरतात ते मतं मोजायच्या पद्धतीमुळे, आणि पैशाचा जोर चालतो तो उमेदवार ठरण्याच्या टप्प्यावर. दोन्हींवर उपाय आहेत. ते वेगवेगळे आहेत आणि त्यांपैकी कशालाही तिसरा पक्ष लागत नाही.

आधी मोजणीचं बघू. १९९२ मध्ये रॉस पेरो स्वतः अब्जाधीश होते, पैशाची ददात नव्हती. त्यांना देशभरात १८.९ टक्के मतं पडली आणि ५३८ पैकी एकही इलेक्टोरल मत (अध्यक्ष ठरतो तो या राज्यवार मतांनी) मिळालं नाही, कारण एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्यासारखा लोकप्रिय माजी अध्यक्ष वेगळी चूल मांडून उभा राहिला. रूझवेल्ट आणि तेव्हाचे अध्यक्ष टॅफ्ट यांनी रिपब्लिकन मतं वाटून घेतली आणि ४२ टक्क्यांहूनही कमी मतांवर डेमोक्रॅट विल्सन ४८ पैकी ४० राज्यं घेऊन गेले. २००० मध्ये फ्लॉरिडात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं होती आणि रिपब्लिकन बुश तिथे डेमोक्रॅट गोर यांच्यावर ५३७ मतांनी जिंकले. मराठी वाचकाला हे गणित नवं नाही. २०१९ मध्ये नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले, तेव्हा वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने दीड लाखाहून अधिक मतं घेतली होती. ‘मतं खाल्ली’ असं म्हणून आपण उमेदवाराला दोष देतो. पण ज्या पद्धतीत सर्वाधिक मतांचा एकच धनी आणि बाकी सगळी मतं कचऱ्यात, तिथे दुसरं काय होणार?

यावर एक रास्त आक्षेप येतो. भारतातही हीच पद्धत आहे, मग आपल्याकडे एवढे पक्ष कसे? एक तर ही पद्धत मतदारसंघापुरती दोघांना उरवते, आणि ते दोघे प्रत्येक राज्यात वेगळे असू शकतात. तमिळनाडूतले दोन आणि पंजाबातले दोन सारखे असायचं कारण नाही. अमेरिकेत असं का होत नाही, याचं उत्तर तिथल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या आधीच्या मतदानात आहे. आपल्याकडे तिकीट वरून ठरतं. ज्याला डावललं तो बंडखोरी करतो, अपक्ष उभा राहतो, जमलं तर पक्ष काढतो. अमेरिकेत तिकीट मतदार ठरवतात, त्यामुळे बंडखोराला घराबाहेर पडायचं कारणच उरत नाही. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये रिपब्लिकन नेतृत्वाला न जुमानता पक्षच ताब्यात घेतला. सिनेटर बर्नी सँडर्स कित्येक दशकं अपक्ष राहून डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत उतरले. बंड होतंच, फक्त ते पक्षाच्या आत होतं.

त्यात कायद्याच्या कुंपणाची भर पडली. १८८८ पर्यंत तिथे मतपत्रिका पक्षच छापून वाटायचे. गुप्त मतदानासाठी सरकारी मतपत्रिका आली. सुधारणा चांगलीच होती, पण तिच्यावर कोणाचं नाव छापायचं हे आता राज्याच्या हातात गेलं. त्या काळात एकाच उमेदवाराला दोन पक्ष उमेदवारी देऊ शकत. शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने हे तंत्र चांगलं वापरलं, त्यामुळे छोट्या पक्षाचं मत वाया जात नसे आणि त्याची ताकदही दिसे. १८९० च्या दशकापासून एकेका राज्याने ही सोय बंद केली. न्यू यॉर्क, कनेटिकट अशा मोजक्या ठिकाणीच ती धड उरली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीला मान्यता दिली आणि द्विपक्षीय व्यवस्थेचं स्थैर्य जपण्यात राज्याचं हित असू शकतं, असंही म्हटलं. तिसऱ्या पक्षाने काहीच साधत नाही असं मात्र नाही. उत्पन्नावर चढता कर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या पॉप्युलिस्टांच्या मागण्या १९१३ पर्यंत घटनेत शिरल्या. तोवर पॉप्युलिस्ट उरले नव्हते.

आता पैसा. इथे विरोधी बाजूकडे दोन भक्कम मुद्दे आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला, दोन्ही पक्ष सारखे नाहीत. औषधांच्या किमतींवर मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने, कंपन्यांशी घासाघीस करायची नाही, अशी तरतूद २००३ मध्ये झाली होती. २०२२ मध्ये काही औषधांपुरती ती मोडली, तेव्हा एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिलं नाही. ज्याच्या घरी मधुमेही आहे त्याला ‘दोघे सारखेच’ म्हणणं परवडत नाही. दुसरा, पैसा हरतो. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये डेमोक्रॅटांच्या अध्यक्षीय प्रायमरीत १०० कोटी डॉलरहून जास्त खर्चून फक्त अमेरिकन सामोआ जिंकलं. एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत मस्क आणि त्यांच्या गटांनी दोन कोटींहून अधिक डॉलर लावले आणि त्यांचा उमेदवार आपटला.

पण हे पराभव कुठले आहेत? जिथे सगळ्या देशाची नजर असते, उमेदवार घराघरांत माहीत असतात आणि मतदाराला आपली बाजू ठाऊक असते, तिथले. पैसा कामाला येतो तो जिथे कोणी बघत नसतं तिथे. प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांपैकी खऱ्या अटीतटीच्या जागा जेमतेम दहावा हिस्सा. बाकी ठिकाणी नोव्हेंबरची निवडणूक औपचारिकता असते, निकाल आधीच्या प्रायमरीत लागलेला असतो आणि तिथे साधारण पाचातला एक मतदार येतो.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांचं उदाहरण मराठी वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापलं, आणि गरिबीतून वर येण्याची ती कथा कौतुकाची आहेच. पण तिच्यातलं गणितही वाचायला हवं. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घातले. लढत राज्यभर गाजत होती, ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघात डेमोक्रॅट प्रायमरीला नऊ उमेदवार होते. स्वतःचे लक्षावधी डॉलर घालून ठाणेदार २८ टक्के मतांवर जिंकले. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे प्रायमरी जिंकली तिथेच खासदारकी ठरली. त्यांनी एकही नियम मोडला नाही. मुद्दा नियमाचाच आहे. पाचातला एक मतदार येतो, त्यातल्या चारातल्या एकाहून थोडी जास्त मतं मिळवायची, आणि तेवढी मिळवायला दूरदर्शनवर नाव घोळवणं पुरतं.

त्याच प्रायमरीत प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने बाहेरच्या गटांचा पैसाही आला होता. हे आता सर्रास चालतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेट प्रायमरीत क्रिप्टो कंपन्यांच्या ‘फेअरशेक’ने केटी पोर्टर यांच्याविरुद्ध सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले. जाहिरातींत क्रिप्टोचं नाव नव्हतं. पोर्टरबाई बड्या कंपन्यांचा पैसा घेतात, असा आरोप होता! न्यू यॉर्कमध्ये खासदार जमाल बोमन यांना प्रायमरीत पाडायला इस्रायल-समर्थक ‘एपॅक’च्या गटाने दीड कोटीच्या आसपास डॉलर लावले, आणि त्या जाहिरातींतही इस्रायलबद्दल फारसं काही नव्हतं. अशा दोन-चार उदाहरणांनंतर उरलेल्या खासदारांवर एक डॉलरही खर्चावा लागत नाही. ज्या विषयावर तोंड उघडलं की कोटीभराची मोहीम मागे लागते, तो विषय माणूस काढतच नाही. न खर्चलेला पैसा कुठल्या आकडेवारीत सापडणार?

पैसा खातो ती दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. जानेवारी २०१३ मध्ये डेमोक्रॅटांच्या प्रचार समितीने नव्या खासदारांसाठी आखलेलं ‘आदर्श’ वेळापत्रक बाहेर आलं. त्यात देणगीदारांना फोन करायला रोज चार तास होते, आणि सभागृह आणि समित्यांचं काम मिळून दोन. सरकारी इमारतीतून देणग्या मागायला कायद्याने बंदी, म्हणून खासदार कॅपिटॉलजवळच्या पक्षाच्या कार्यालयात जातात, यादी पुढ्यात घेतात आणि एकामागून एक फोन लावतात. २०२५-२६ साठी एका व्यक्तीची एका उमेदवाराला कमाल देणगी दर निवडणुकीस ३,५०० डॉलर. प्रायमरी वेगळी धरतात, म्हणजे ७,००० डॉलर. एवढे एका वेळी देऊ शकणाऱ्यांशीच खासदार रोज चार तास बोलतो. लाच घ्यावी लागत नाही. कोणाची काळजी आपली वाटायला लागते, एवढंच बदलतं. गुंतवणूक फंड चालवणाऱ्यांच्या नफ्यातल्या वाट्यावर पगाराऐवजी भांडवली नफ्याच्या कमी दराने कर लागतो. ही सवलत काढू असं ओबामा म्हणाले, ट्रम्प म्हणाले, बायडेन म्हणाले. २०१७ च्या करकायद्यात ती थोडी वळवून राखली गेली. २०२२ मध्ये ती आवळायची तरतूद डेमोक्रॅटांच्याच सिनेटर कर्स्टन सिनेमा यांच्या एका मतासाठी गळाली. कडाक्याची भांडणं असलेल्या दोन पक्षांत एवढं एकमत कुठून येतं?

मग पक्ष वाढले की पैसा नमेल? याचं उत्तर आपल्याच घरात आहे. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, तोवर १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. सर्वात मोठा वाटा भाजपचा होता, पण तृणमूल, काँग्रेस, बीआरएस, बिजू जनता दल, ज्याच्या हाती कुठेतरी सत्ता होती त्या प्रत्येकाकडे तो प्रवाह वळलेला दिसतो. पक्षांचं वैविध्य होतं. पैशाने सगळ्यांची दारं ठोठावली आणि सगळ्यांनी ती उघडली.

अमेरिकेतल्या सुधारकांचं आवडतं उत्तर म्हणजे २०१० चा ‘सिटिझन्स युनायटेड’ निकाल घटनादुरुस्तीने उलटवायचा. पण मूळ निकाल तो नव्हे. खर्चावर मर्यादा म्हणजे अभिव्यक्तीवर मर्यादा, हे सूत्र १९७६ च्या ‘बकली’ खटल्यातलं. श्रीमंताने स्वतःचे कितीही पैसे स्वतःच्या प्रचारात घालावेत, ही मुभा तिथून आली. २०१० च्या निकालाने ती वाट कंपन्या आणि संघटनांना खुली केली, आणि अमर्याद देणग्या घेणारी सुपर पॅक त्याच वर्षी ‘स्पीचनाऊ’ या खालच्या न्यायालयातल्या खटल्यातून जन्मली. एक निकाल उलटवून हे सगळं जाणार नाही, आणि दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती लागते. उमेदवार आणि सुपर पॅक यांनी संगनमत करायचं नाही हा नियम आहे, म्हणून उमेदवार आपल्या संकेतस्थळावर लाल चौकटीत ‘मतदारांनी हे जाणून घ्यावं’ असं लिहितात, आणि गटवाले तिथून जाहिरातीचा मजकूर उचलतात. लक्ष ठेवायला निवडणूक आयोग आहे, पण सहा सदस्यांत एका पक्षाचे तीनहून जास्त नकोत आणि निर्णयाला चार मतं हवीत. म्हणजे अडवायची सोय रचनेतच केलेली. मे २०२५ मध्ये तर आयोगात कामकाजापुरते सदस्यही उरले नव्हते.

मोठा पैसा अडवता येत नसेल तर छोटा पैसा वाढवता येतो, आणि त्याला कुठलं न्यायालय आड येत नाही. सिएटलमध्ये २०१७ पासून मतदाराला २५ डॉलरची चार कुपनं मिळतात, ती तो पसंतीच्या उमेदवाराला देतो. खर्च मालमत्ता करातून निघतो, २०२५ पर्यंत तो वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर होता. न्यू यॉर्क शहरात महापौरपदाच्या उमेदवाराला रहिवाशाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरवर आठपट सरकारी भर पडते, म्हणजे २५० चे २,२५० होतात. मग फोनच्या यादीत शिक्षिका आणि टॅक्सीवालाही येतो. यात खोटही आहे. न्यू यॉर्कमध्ये भर लाटायला बनावट देणगीदार उभे केले जातात. सिएटलमध्ये बाहेरचा खर्च फार वाढला की कुपनवाल्या उमेदवाराची खर्चमर्यादा उठवावी लागते. तरी पैसा उमेदवाराच्या हाती असण्याला एक फायदा आहे, जो चर्चेत फारसा येत नाही. प्रायमरीच्या आधीचे ४५ आणि मुख्य निवडणुकीच्या आधीचे ६० दिवस दूरदर्शन केंद्रांनी उमेदवाराला सर्वात कमी दराने वेळ विकावा, असा कायदा आहे. सुपर पॅकला तो दर नाही, तोच अर्धा मिनिट तिला कितीतरी पट महाग पडतो. म्हणून उमेदवाराच्या खात्यातला डॉलर अब्जाधीशाच्या डॉलरपेक्षा जास्त जाहिरात विकत घेतो. २०१९ मध्ये ॲमेझॉनने सिएटलच्या नगर परिषदेसाठी सुमारे १५ लाख डॉलर ओतले आणि त्यांचे बहुतेक उमेदवार पडले.

आणि मोजणी? त्यासाठी घटनेला हातही लावायला नको. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी, ही सक्ती घटनेची नसून १९६७ च्या साध्या कायद्याची आहे. त्या कायद्याचा हेतूही बरा होता. दक्षिणेत सगळं राज्य एकच मतदारसंघ करून गोऱ्या बहुमताने सगळ्या जागा घ्यायच्या, ही भीती होती. पण त्यावर एकल मतदारसंघ हा एकच उतारा नव्हता. इलिनॉयने १८७० ते १९८० आपल्या विधानसभेसाठी दुसरा वापरला. तीन जागांचा मतदारसंघ, प्रत्येक मतदाराला तीन मतं, हवी तर तिन्ही एकाच उमेदवाराला. पाव हिश्श्याहून थोडी जास्त मतं एकवटली की एक जागा पक्की. त्यामुळे शिकागोतून रिपब्लिकन आणि खेड्यांतून डेमोक्रॅट निवडून येत राहिले.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात अनेक जागांच्या मतदारसंघांत मतं एकवटण्याची हीच मुभा होती, बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा आग्रह धरला होता. ते स्वतः मुंबईतून निवडून आले आणि त्यांच्या नवख्या स्वतंत्र मजूर पक्षाने लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. स्वतंत्र भारताच्या १९५१ च्या कायद्याने एकाहून जास्त जागांचे जोड-मतदारसंघ ठेवले, पण एका उमेदवाराला एकाहून जास्त मत द्यायला बंदी केली. १९५२ मध्ये बाबासाहेब उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून हरले. हरायला इतरही कारणं होती, पण १९३७ चं हत्यार त्यांच्या मतदारांच्या हातात उरलं नव्हतं, हेही खरं.

पसंतीक्रमाचं मतदान, म्हणजे उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देणं, हे सध्याचं लाडकं औषध अर्धं आहे. ऑस्ट्रेलियाचा दाखला घ्या. एक देश, तेच मतदार, तोच दिवस. प्रतिनिधीगृहात पसंतीक्रम आहे, पण एका जागेपुरता. सिनेटमध्ये १९४९ पासून प्रमाणशीर मोजणी, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा. २०२५ मध्ये ग्रीन पक्षाला साधारण बारा टक्के मतं पडली. प्रतिनिधीगृहात १५० पैकी एक जागा आली, आणि सिनेटच्या ४० पैकी सहा.

प्रमाणशीर पद्धतीने वीस पक्षांची खिचडी होईल, सरकारं पडतील, ही धास्ती सगळा देश एकच मतदारसंघ धरणाऱ्या इस्रायलसारख्या ठिकाणी खरी आहे. पाच जागांच्या मतदारसंघात निवडून यायला सहावा हिस्सा मतं लागतात. एवढी मिळवणारा पक्ष क्षुल्लक नसतो. शिवाय अमेरिकेत सरकार सभागृहाच्या विश्वासावर उभं नसतं, ते पडणार कसं? खरी अडचण निराळी आहे. सिनसिनाटीने १९२५ मध्ये प्रमाणशीर मतदान आणलं, न्यू यॉर्कने १९३६ मध्ये. न्यू यॉर्कमध्ये कम्युनिस्ट निवडून आले म्हणून १९४७ मध्ये ते रद्द झालं. सिनसिनाटीत कृष्णवर्णीय थिओडोर बेरी महापौर होण्याची चिन्हं दिसली, आणि १९५७ मध्ये तिथेही गुंडाळलं गेलं. अपयश म्हणून नव्हे, चालतंय म्हणून त्या पद्धती गेल्या. १९६७ चा कायदा बदलायला प्रतिनिधीगृहात २१८ मतं लागतील, आणि ती देणारे सगळे जुन्याच पद्धतीने निवडून आलेले असतील. म्हणून सुरुवात वॉशिंग्टनमध्ये करून भागणार नाही. ज्या वीसहून अधिक राज्यांत नागरिकांना सह्या गोळा करून थेट कायदा मतदानाला घालता येतो, तिथे राज्याच्या विधिमंडळापासून ती करता येईल. अलास्काने २०२० मध्ये पसंतीक्रम असाच आणला. २०२४ मध्ये तो रद्द करायचा ठराव तीन लाखांहून अधिक मतांत सातशे-साडेसातशे मतांनी पडला. त्याच दिवशी नेवाडा आणि कोलोराडोत पसंतीक्रम आणायच्या ठरावांना दोन्ही पक्षांनी मिळून विरोध केला आणि ते पाडले. कोलोराडोतला ठराव एका धनाढ्य उद्योजकाच्या लक्षावधी डॉलरवर उभा होता, आणि विरोधकांनी हेच प्रचारात वापरलं. इलिनॉयसारखे तीन जागांचे मतदारसंघ या तीनपैकी एकाही राज्यात मतपत्रिकेवर आले नाहीत.